कन्याशिक्षण आणि शाळेचे नेतृत्व : इतिहासाच्या प्रकाशात

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, ही टोकावडे व शहापूर-मुरबाड परिसरातील सर्व समाजबांधवांच्या दृष्टीने अत्यंत आनंदाची गोष्ट आहे. सुवर्णमहोत्सव हा कृतज्ञतेचा सोहळा असतो, त्याचप्रमाणे तो आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत काय उभे राहिले याचा हिशेब मांडत असतानाच पुढील पन्नास वर्षांत काय उभे करावयाचे आहे, याचाही विचार झाला पाहिजे. त्या दृष्टीने मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा विषय वाचकांसमोर ठेवीत आहे. हा विषय नवा नाही. त्यावर भाषणे पुष्कळ झाली, घोषणा झाल्या, योजनाही आल्या. तथापि शाळेचा मुख्याध्यापक किंवा मुख्याध्यापिका या एका व्यक्तीच्या हातात मुलींचे शिक्षण किती प्रमाणात असते, याचा विचार क्वचितच होतो. इतिहास मात्र तीच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो.

परंपरेचा वारसा

कन्याशिक्षणाची कल्पना आपल्या समाजास परकी नाही. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन्ही कन्यांना स्वतः विद्या दिली, असे आपली परंपरा सांगते. ब्राह्मीस त्यांनी लिपी शिकविली आणि सुंदरीस अंकविद्या. पहिली अक्षरे आणि पहिले अंक कन्यांच्या हाती दिले गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भगवान महावीरांच्या चतुर्विध संघात साध्वीसंघाचे नेतृत्व चंदनबालेकडे होते आणि त्या संघात छत्तीस हजार साध्वी होत्या, असे आगमपरंपरा मानते. एका स्त्रीने एवढ्या मोठ्या संघाचे नेतृत्व करावे, यात त्या काळी कोणास वावगे वाटले नाही.

पुढे मात्र काळाच्या ओघात ही दृष्टी मंदावली. बालविवाह, वैधव्य आणि घराचा उंबरठा यांच्या चौकटीत इतर समाजांप्रमाणेच आपल्या मुलीही अडकल्या. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात कन्याशिक्षणाची जी चळवळ उभी राहिली, तिच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

पुण्यातील आरंभ

१८४८ साली महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वश्रुत आहे. सावित्रीबाईंचा उल्लेख आपण पहिल्या शिक्षिका म्हणून करतो. त्या पहिल्या मुख्याध्यापिकाही होत्या, हे विसरता कामा नये. शिकविणे हे एक काम आणि शाळा चालविणे हे दुसरे. मुली शाळेत येतील कशा, आलेल्या टिकतील कशा, लोकांचा रोष सोसूनही वर्ग चालू राहतील कसे, हे दुसरे काम त्यांनी केले, म्हणूनच पहिले शक्य झाले.

१८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी पुण्यात साक्ष दिली. मुलींना शिकविण्यासाठी स्त्री-शिक्षिका तयार कराव्यात आणि मुलींच्या शाळा तपासण्यासाठी स्त्रियांचीच नेमणूक व्हावी, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता. शाळा काढून काम भागत नाही, ती चालविणारी व तपासणारी व्यक्तीही योग्य हवी, ही जाण त्या साक्षीत स्पष्ट दिसते.

दोन वर्षांनी, १८८४ साली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित आणि सर विल्यम वेडरबर्न यांच्या पुढाकाराने पुण्यात मुलींच्या माध्यमिक शाळेची योजना पुढे आली. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर उभी राहिलेली ही शाळा हुजूरपागा या नावाने ओळखली जाऊ लागली. मिस हरफर्ड या तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका होत.

या शाळेविषयी झालेला एक वाद आजही बोधप्रद आहे. मुलींनी इंग्रजी, गणित यांसारखे विषय पूर्ण दिवस शाळेत बसून शिकावेत की नाही, यावर त्या काळी वृत्तपत्रांतून कडाक्याची चर्चा झाली. लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी या अभ्यासक्रमावर व शाळेच्या वेळेवर टीका केली. मुलींना घरकामासाठी वेळ मिळावा म्हणून शाळा दिवसातून थोडे तासच भरावी, असा आग्रह धरला गेला. लोकमान्यांची राष्ट्रसेवा वादातीत आहे. परंतु या प्रश्नावर काळाने रानडे यांच्या बाजूने कौल दिला. शाळेच्या चालकांनी वेळापत्रक व विषय यांत तडजोड केली असती, तर ती शाळा चालू राहिली असती, पण मुलींना माध्यमिक शिक्षण मिळाले नसते. वेळापत्रक ही वरवर पाहता किरकोळ बाब आहे. प्रत्यक्षात मुलीच्या वेळेवर पहिला हक्क कोणाचा, घराचा की तिच्या शिक्षणाचा, याचे उत्तर वेळापत्रकातूनच दिले जाते.

हिंगण्याच्या टेकडीवरील एक उदाहरण

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० साली तो पुण्याजवळील हिंगणे येथे गेला. १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले आणि १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना झाली. या कार्यात पार्वतीबाई आठवले यांचे स्थान विशेष आहे. ऐन विशीत वैधव्य आलेल्या पार्वतीबाईंना तोपर्यंत अक्षरओळखही नव्हती. त्या शिकल्या, पुढे आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या आणि संस्थेसाठी निधी जमविण्यास थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

जिने स्वतः अडचणी सोसल्या, तिला मुलींच्या अडचणी समजावून सांगाव्या लागत नाहीत. आश्रमात नव्याने आलेल्या मुलीस समोर पार्वतीबाई दिसत, तेव्हा आपले पुढे काय होऊ शकते याचे उत्तर तिला शब्दावाचून मिळत असे. शाळेत मुलींसमोर अशी एखादी स्त्री अधिकाराच्या खुर्चीवर असणे हेच एक शिक्षण असते.

जैन समाजातील कार्य

आपल्या समाजातील या कार्याचा आरंभ ज्यांच्या नावाशी जोडलेला आहे, त्या म्हणजे जैन महिलारत्न मगनबाई. मुंबईचे दानशूर जवाहीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या त्या कन्या. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले. त्या काळच्या रीतीनुसार त्यांचे आयुष्य घराच्या एका कोपऱ्यात गेले असते. परंतु शेठजींनी आपल्या कन्येस शिकविले, धर्मग्रंथांचा अभ्यास करू दिला आणि सार्वजनिक कार्यात पुढे केले. विसाव्या शतकाच्या आरंभी मगनबाईंनी विधवा व निराधार भगिनींसाठी श्राविकाश्रम उभा केला आणि पुढे तो मुंबईत स्थिर झाला. या कार्यात त्यांना ललिताबाई व सोलापूरच्या कंकुबाई यांची साथ लाभली. कंकुबाई या सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या. याच हिराचंद शेठजींनी १८८४ साली 'जैन बोधक' हे मासिक सुरू केले होते. बिहारमधील आरा येथे पंडिता चंदाबाईंनी १९२१ साली जैन बाला विश्राम ही संस्था स्थापन केली.

सोलापुरात हे कार्य पुढे पद्मश्री पंडिता सुमतिबाई शहा यांनी फार मोठे केले. श्राविकाश्रमाच्या छोट्या रोपातून श्राविका संस्थानगर उभे राहिले. उमाबाई श्राविका विद्यालयासारख्या शाळेतून मुली माध्यमिक शिक्षण घेऊ लागल्या. धर्मशिक्षण व शालेय शिक्षण यांत विरोध नाही, हे सुमतिबाईंनी वादविवादाने नव्हे, तर शाळा चालवून सिद्ध केले.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आढळते. दान पुरुषांनी दिले, इमारती देणग्यांतून झाल्या. परंतु संस्था टिकली ती तिची जबाबदारी एखाद्या समर्थ स्त्रीकडे पूर्ण विश्वासाने सोपविली गेली म्हणून. शेठ माणिकचंद यांनी कन्येला केवळ निधी दिला नाही, अधिकारही दिला. आज कोणत्याही ट्रस्टने हा भाग लक्षपूर्वक पाहावा असा आहे.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली आणि त्यामुळे हजारो जैन तरुणांना उच्च शिक्षण मिळाले. परंतु त्या काळी समाजाच्या बहुतेक वसतिगृहांचे दरवाजे मुलांसाठीच उघडले. मुलींना पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली. मुलाच्या शिक्षणास आपण गुंतवणूक समजलो आणि मुलीच्या शिक्षणास खर्च. आपल्या व्यापारी समाजाने हिशेबात केलेली ही फार मोठी चूक होती.

कर्मवीर आणि लक्ष्मीबाई

जैन कुटुंबात जन्मलेले आणि अवघ्या बहुजन समाजाचे झालेले कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली संस्था सातारा येथे आणली. सर्व जातिधर्मांची मुले एकाच वसतिगृहात राहू लागली. या मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई यांनी स्वतःचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही त्या कामी दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाईंची ही कथा आपण नेहमी त्यागकथा म्हणून सांगतो. वसतिगृह नसेल तर दूरच्या गावातील मूल शिकूच शकत नाही, हा तिचा व्यावहारिक अर्थही ध्यानात घेण्यासारखा आहे. शाळा गावापासून दूर असेल, तर मुलाची पायपीट होते. मुलीची मात्र शाळाच बंद होते.

आपल्या जिल्ह्यातील कार्य : बोर्डी व कोसबाड

या विषयाचा सर्वांत जवळचा धडा आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. २०१४ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन हा भाग पालघर जिल्ह्यात गेला, तरी ते कार्य घडले आपल्याच जिल्ह्यात.

अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि बोर्डीस येण्यापूर्वी अनेक वर्षे पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अध्यापन केले. दिवसा नोकरी करून रात्रशाळेत शिकत त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बी.ए.ची पदवीही मिळविली. म्हणजे रानडे यांच्या पिढीने लावलेल्या झाडाचे बीज अनुताईंच्या रूपाने ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात येऊन रुजले, असे म्हणावयास हरकत नाही.

आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून ताराबाई व अनुताई यांनी मुलांना किंवा पालकांना दोष दिला नाही. मुले का येत नाहीत, याचा त्यांनी शोध घेतला. मुले पाड्यापासून दूर येत नसत, म्हणून बालवाडीच पाड्यातील अंगणात नेली. मुले गुरे राखण्यास जात, म्हणून कुरणशाळा काढल्या. मोठ्या बहिणीस धाकट्या भावंडास कडेवर घेऊन बसावे लागे, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटे पाळण्यात झोपले की मोठी बहीण वर्गात बसू शके. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. बालशिक्षणाच्या संदर्भात या प्रयोगाची खूप चर्चा होते. कन्याशिक्षणाच्या दृष्टीनेही तो तितकाच मोलाचा आहे. शाळेस अनुकूल मूल शोधण्यापेक्षा मुलास अनुकूल शाळा घडवावी, हे शाळाप्रमुखाचे पहिले कर्तव्य होय.

मुलगी कोठे हरवते ?

आता आपल्या परिसराकडे वळू. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आपल्या नित्य परिचयाचा आहे. रस्त्यालगतच्या बाजारपेठांत आपली दुकाने व घरे आहेत. आतल्या बाजूस डोंगराच्या कुशीत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधवांच्या वाड्या आहेत. आपल्या मुली आज कल्याण-मुंबईस जाऊन पदवीधर, सनदी लेखापाल, डॉक्टर होत आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आपल्याच दुकानात वाण्याच्या विश्वासाने खरेदीस येणाऱ्या कुटुंबातील मुलगी आठवीनंतर कोठे जाते, हे आपण कधी विचारले आहे काय ?

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण अनेक वर्षे मुलांपेक्षा अधिक असते. वृत्तपत्रांत दरवर्षी मुलींनी बाजी मारल्याचा मथळा येतो. तो मथळा खरा असतो, पण अपुराही असतो. परीक्षेस बसलेल्यांतूनच टक्केवारी काढली जाते. जी मुलगी आठवीत वा नववीत शाळा सोडून गेली, ती नापासांतही मोजली जात नाही. तिची नोंद केवळ हजेरीपटावर लाल रेघेच्या रूपाने राहते. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षे वयापर्यंतचे आहे. म्हणजे नेमक्या नववी-दहावीच्या उंबरठ्यावर कायद्याचा हात सुटतो आणि घराचा दबाव वाढतो.

कारणे आपल्या सर्वांच्या माहितीची आहेत. आषाढ-श्रावणात भाताच्या आवणीस हात लागतात. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलगी मोठी झाली की स्वयंपाक व धाकटी भावंडे तिच्याकडे येतात. गावात सातवी-आठवीपर्यंतच शाळा असते. पुढची शाळा दूर, एस.टी.ची वेळ अवेळी, पावसात ओढा भरलेला. शाळेत स्वच्छ व बंद होणारे स्वच्छतागृह नसेल, तर मासिक पाळीच्या दिवसांत ती घरी राहते. प्रत्येक महिन्यात काही दिवस बुडतात आणि गणित-इंग्रजी मागे पडते. एकदा मागे पडलेली मुलगी वर्गात गप्प बसू लागते. त्यानंतर एखादे स्थळ येते आणि विषय संपतो.

शाळाप्रमुख काय करू शकतो ?

या कारणांपैकी काही दारिद्र्याची आहेत आणि ती एकटा मुख्याध्यापक दूर करू शकत नाही. परंतु अनेक गोष्टी निश्चितपणे त्याच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट हजेरीची. पाचवीत किंवा आठवीत दाखल झालेल्या मुलींपैकी किती दहावीपर्यंत पोहोचल्या, हा आकडा प्रत्येक शाळाप्रमुखास तोंडपाठ असावा. निकालाच्या टक्केवारीपेक्षा हा आकडा शाळेविषयी अधिक खरे बोलतो. मुलगी सलग तीन दिवस आली नाही तर चौथ्या दिवशी वर्गशिक्षिका तिच्या घरी गेली पाहिजे. महिनाभराने जाऊन उपयोग होत नाही. तोपर्यंत घराने तिच्याशिवाय शाळेची व शाळेने तिच्याशिवाय वर्गाची सवय करून घेतलेली असते.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. आवणीच्या दिवसांत बुडालेला अभ्यास भरून काढण्यास जादा तासिका ठेवता येतात. परंतु त्या एस.टी. सुटण्यापूर्वी संपल्या पाहिजेत. सायंकाळी उशिरा ठेवलेला जादा वर्ग मुलांना लाभतो आणि मुलींना वगळतो. ग्रामीण मुलींसाठी एस.टी. प्रवास मोफत करणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे. पण गाडीच शाळेच्या वेळेस नसेल तर पासाचा उपयोग काय ? आगारप्रमुखांकडे वेळ बदलून मागणारे पत्र मुख्याध्यापकानेच लिहावयाचे असते.

तिसरी गोष्ट अपेक्षेची. प्रयोगशाळेत उपकरण मुलाच्या हाती आणि वहीत नोंद मुलीच्या हाती, स्नेहसंमेलनात रांगोळी मुलींकडे आणि सूत्रसंचालन मुलांकडे, अशी वाटणी नकळत होत असते. १९६२ साली श्रीमती हंसा मेहता यांच्या समितीने मुलामुलींचा अभ्यासक्रम समान असावा, अशी स्पष्ट शिफारस केली. कागदावर ते केव्हाच झाले. वर्गात ते घडविण्याचे काम शाळाप्रमुखाचे. वर्गप्रमुख, प्रयोगशाळा प्रमुख, क्रीडा प्रमुख ही कामे मुलींकडे पाळीपाळीने दिली, तर त्यांचा आवाज वाढतो आणि अभ्यासही.

चौथी गोष्ट शिष्यवृत्तीची. आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. नेमक्या गळतीच्या वयात मिळणारी ही रक्कम गरीब घरातील मुलीचे शिक्षण वाचवू शकते. परंतु अर्ज शाळेने भरावयाचा, उत्पन्नाचा दाखला मिळविण्यास पालकांना शाळेने साह्य करावयाचे आणि तयारीही शाळेनेच करून घ्यावयाची. जेथे प्रमुख जागरूक तेथे मुली यादीत दिसतात. अन्यत्र योजना फाइलीतच राहते.

पाचवी व सर्वांत नाजूक गोष्ट सुरक्षिततेची. मुलगी शाळेत व शाळेच्या वाटेवर सुरक्षित आहे, याची खात्री पालकांना नसेल तर इतर सर्व उपाय व्यर्थ होत. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती स्थापण्याचे आदेश दिले. समितीचा फलक लावून काम होत नाही. तक्रारपेटी कोण उघडते, तक्रार आल्यावर शाळा मुलीच्या पाठीशी उभी राहते की संस्थेच्या नावास जपते, यावरून शाळेच्या नेतृत्वाची खरी परीक्षा होते. त्याचप्रमाणे अल्पवयीन मुलीचा विवाह ठरत असल्याचे समजल्यास मुख्याध्यापकाने प्रथम पालकांशी बोलावे आणि आवश्यक तेव्हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी या नात्याने ग्रामसेवकास अथवा १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. गावाशी वाईटपणा घेणे सोपे नसते, हे मान्य. म्हणूनच अशा वेळी त्याच्यामागे गावातील प्रतिष्ठित मंडळी उभी असणे आवश्यक असते.

आपले कर्तव्य

येथेच आपला संबंध येतो. बाजारपेठेतील व्यापारी म्हणून आपल्या शब्दास गावात मान आहे. आपल्यापैकी कित्येक जण शालेय समित्यांवर आहेत, स्नेहसंमेलनास अध्यक्ष म्हणून जातात, वह्या वाटतात. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे नम्रपणे एक विचार मांडावासा वाटतो. कमान, प्रवेशद्वार आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी यांवर होणाऱ्या खर्चातील काही भाग ज्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही अशा कामास द्यावा. मुलींच्या स्वच्छतागृहास रोज पाणी व स्वच्छता, परीक्षेच्या तीन महिन्यांत दूरच्या वाड्यांतील मुलींची निवासाची व भोजनाची सोय, नववीतील मुलींसाठी गणित-इंग्रजीच्या शिक्षिकेचे मानधन, ही कामे फोटोत दिसत नाहीत. परंतु लक्ष्मीबाईंनी दिलेले दागिने तरी कोणत्या फोटोत दिसतात ? आपल्या आचार्यांनी गुप्तदानाची महती सांगितली आहे, ती याच अर्थाने घ्यावी.

दुसरी विनंती अशी की, साह्य करताना शाळाप्रमुखाचा अधिकार राखावा. अनुदानित शाळांत मुख्याध्यापकपद बहुधा सेवाज्येष्ठतेने मिळते. त्या पदासाठी लागणारी तयारी मात्र कोणी करून देत नाही. विशेषतः एखादी शिक्षिका मुख्याध्यापिका झाली की कागदावर अधिकार तिचा आणि निर्णय इतरांचे, असे होऊ नये. शेठ माणिकचंद यांनी मगनबाईंवर जो विश्वास टाकला, तोच विश्वास आपण आपल्या परिसरातील मुख्याध्यापिकांवर टाकला पाहिजे. ट्रस्टने वर्षातून एकदा मुरबाड-शहापूर भागातील मुख्याध्यापकांना एकत्र बोलवावे, सत्कारासाठी नव्हे, तर त्यांच्या अडचणी ऐकण्यासाठी. आणि त्या वेळी प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा : आठवीत आलेल्या मुलींपैकी किती जणी दहावीस बसल्या?

तिसरी विनंती घराघरांतील माता-भगिनींना. आपल्या घरी कामास येणाऱ्या मुलीचे वय काय, ती कोणत्या इयत्तेत आहे, हे एकदा विचारावे. ती शाळेच्या वेळेत आपल्याकडे भांडी घासत असेल, तर तिच्या गळतीचे एक कारण आपलेच घर आहे. अहिंसा परमधर्म मानणाऱ्या समाजाने कोणाचे भविष्य नकळतही दुखावले जाऊ नये, इतकी दक्षता घेणे उचित होय.

समारोप

ऋषभदेवांनी कन्यांच्या हाती अक्षर व अंक दिले. सावित्रीबाई, रमाबाई, मगनबाई, पार्वतीबाई, सुमतिबाई, ताराबाई, अनुताई या सर्वांनी ते अक्षर व अंक पुढच्या मुलींच्या हाती दिले. यांपैकी अनेकींना वैधव्य आले होते, काहींचे बालविवाह झाले होते, कोणाचेही आयुष्य सोपे नव्हते. त्यांच्या मागे उभे राहणारे एखादे वडील, एखादा पती, एखादी संस्था होती, म्हणून त्या पुढे जाऊ शकल्या.

आज आपल्या वाड्यापाड्यांतून दप्तर घेऊन निघालेल्या मुलीच्या मागे कोण उभे आहे, याचे उत्तर पुढील स्मरणिकेत आपल्याला द्यावे लागेल. हीरकमहोत्सवास अद्याप दहा वर्षे आहेत. आज पाचवीत असलेली मुलगी तोवर विशी गाठेल. तिच्यापैकी एखादी आपल्याच परिसरातील शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झालेली असेल आणि पुढे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसेल, तर या सुवर्णमहोत्सवाचे खरे सार्थक झाले असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.